कपाळावरची राख

२०२४ साली राखेचा बुधवार आणि व्हॅलेंटाईन डे एकाच दिवशी आले, १४ फेब्रुवारीला. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. सकाळच्या मिस्साला गेले, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि तशीच सिटी बस पकडून कॉलेजला आले. वर्गात गुलाब, चॉकलेटं, खिदळणं चाललेलं. बाकावरची मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, कपाळाला काय लागलंय तुझ्या?"

मी म्हणाले, "काय की. धूळ लागली असेल." आणि ओढणीच्या टोकाने पुसून टाकलं.

एवढंच झालं. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. आमच्या कॉलेजच्या दारातच क्रूस आहे, प्राचार्यांच्या खोलीत येशूचं चित्र आहे. म्हणजे मला भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तरी मी खोटं बोलले. दिवसभर मला पेत्राची गोष्ट आठवत राहिली. येशूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसला होता, आणि "मी त्याला ओळखत नाही" हे तो पहिल्यांदा कुणा शिपायाला किंवा न्यायाधीशाला म्हणाला नाही. एका दासीने सहज विचारलं, तिला म्हणाला. मलासुद्धा सहजच विचारलं होतं.

मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी ठरवलं की याच विषयावर लिहायचं. रोजच्या जगण्यात आपल्या श्रद्धेविषयी बोलायला इतकं अवघड का जातं, आणि ते धैर्य येतं कुठून? मी ख्रिस्ती आहे म्हणून उदाहरणं माझ्या घरची आहेत. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी वारीला जाऊन आल्याचं वर्गात सांगायला लाजत असेल, कुणी नमाजासाठी तास चुकवताना पोट दुखतंय असं सांगत असेल, तर त्यांनाही यातलं थोडंफार ओळखीचं वाटेल.

ती राख म्हणजे काय

आधी मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर देते, जे मी तेव्हा दिलं नाही.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. चाळीसच्या हिशोबात रविवार धरत नाहीत. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या लोक घरी जपून ठेवतात. त्या परत आणून जाळतात आणि त्याचीच राख करतात. ती लावताना धर्मगुरू दोनपैकी एक गोष्ट म्हणतात: एक तर तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस याची आठवण, किंवा मन पालटून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचं आवाहन. १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं आणि १४ वर्षांवरच्या सगळ्यांनी मांस वर्ज्य करायचं, असा नियम आहे. गंमत म्हणजे, राख घ्यायला तुम्ही ख्रिस्ती असण्याचीही अट नसते. शेवटी मातीला सगळेच मिळणार.

हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

लपवणं आणि मिरवणं

नंतर मी माझ्या वागण्याला एक छान कारण शोधून काढलं. राखेच्या बुधवारी मिस्सात मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो की उपास कराल तेव्हा लोकांना दिसावा म्हणून चेहरे पाडून फिरू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, दान आणि प्रार्थना गुपचूप करा. म्हणजे येशूनेच सांगितलंय की तोंड धुवा. मग मी पुसलं तर काय बिघडलं?

हे मी आमच्या पॅरिशच्या फादरांना मोठ्या हुशारीने सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "एक अध्याय मागे जा की." पाचव्या अध्यायात दिव्याचं बोलणं आहे. दिवा लावून कुणी तो मापाखाली झाकून ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांना उजेड मिळतो. पाचवा आणि सहावा, दोन्ही अध्याय डोंगरावरच्या एकाच प्रवचनातले. एकीकडे दाखवू नका, दुसरीकडे झाकू नका. फादर पुढे म्हणाले, "राख पुसलीस त्याचं काही नाही. कशासाठी पुसलीस ते बघ. नम्रतेने पुसलीस की भीतीने?"

मी भीतीने पुसली होती. आणि वर खोटं बोलले होते.

तेव्हापासून मला हे दोन्ही वेगवेगळे कळायला लागले. मिरवण्यात आपल्याला समोरच्याचं लक्ष हवं असतं. लपवण्यात त्याच्या मताची धास्ती असते. दोन्हीकडे आपण स्वतःचाच विचार करत असतो. ज्याने विचारलं त्याच्याकडे बघून त्याला खरं उत्तर द्यायचं, हे या दोन्हींहून वेगळं काम आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच सांगितलंय: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि समोरच्याचा मान राखून. शेकोटीपाशी नाही म्हणणाऱ्या पेत्राच्या नावाने ते पत्र आहे, म्हणून मला ते जास्त जवळचं वाटतं.

भीती कशाची असते

मी कागदावर लिहून बघितलं की मला नेमकी भीती कशाची वाटते. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, चेष्टेची. "काय गं सिस्टर, नन होणार काय?" हे मी शाळेपासून ऐकलंय. ही भीती खरी असली तरी लहान आहे. वय वाढलं की कमी होते.

दुसरी, उत्तर न येण्याची. कुणी त्रैक्याबद्दल विचारलं तर? एक देव आणि तीन व्यक्ती कसे, हे चारचौघांत मला सांगता येईल का?

तिसरी सगळ्यांत मोठी. आपण श्रद्धेविषयी तोंड उघडलं की समोरच्याला वाटेल, ही आता आपल्याला बाटवायला आली. मराठीत हा शब्दच किती जड आहे बघा. 'बाटणे' म्हणजे विटाळणे, भ्रष्ट होणे. "तुमचे पूर्वज विहिरीतल्या पावामुळे बाटले ना?" असं मला एकाने कँटीनमध्ये अगदी सहज विचारलं होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने ती गोष्ट घरी ऐकली होती. मी मात्र वडापाव हातात धरून गप्प बसले.

या भीतीला इतिहास आहे, तो नाकारून चालणार नाही. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून बेळगावकडे आले, असं आजी सांगते. त्या गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळं पाडली. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, ते मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. धर्म आणि तलवार एकत्र आले की काय होतं, हे आपल्या भागातल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून कुणी माझ्याकडे संशयाने बघितलं तर मी लगेच दुखावून घेत नाही. त्या संशयाचं कारण मला माहीत आहे.

कायद्याचंही थोडं समजून घेतलं, कारण त्याबद्दल आमच्यात बरेच गैरसमज आहेत. संविधानाच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात याचा अर्थ सांगितला. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क त्यात येत नाही. या निकालावर पुढे खूप चर्चा झाली, तो वेगळा विषय. पण कँटीनमध्ये कुणी विचारलं आणि मी उत्तर दिलं, यात लपवण्यासारखं काही नाही, एवढं तरी मला त्यातून कळलं.

मेणबत्ती

पहिल्या वर्षानंतरच्या पावसाळ्यात माझ्या त्याच मैत्रिणीचे बाबा आजारी पडले. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. ती कॉलेजला यायची, गप्प बसायची, तीन वाजता निघून जायची. मी रोज रात्री जपमाळ करताना त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. तिला मात्र व्हॉट्सअॅपवर 'टेक केअर' आणि हात जोडलेली इमोजी पाठवत होते. प्रार्थना करते असं लिहिलं तर तिला काय वाटेल? असल्या वेळी आपला देव मध्ये घालतेय, असं वाटलं तर?

एक दिवस तीच म्हणाली, "तुमच्या चर्चमध्ये माझ्या बाबांसाठी एक मेणबत्ती लाव की."

मी म्हणाले, "अगं, मी रोज प्रार्थना करते त्यांच्यासाठी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मग सांगायचं नाही होय? मला वाटलं, कुणालाच काही पडलेलं नाही."

त्या वाक्याने मला जे शिकवलं ते धर्मशिक्षणाच्या दहा वर्षांत शिकले नव्हते. मला वाटायचं, मी गप्प राहते त्यात कुणाचं काही जात नाही. पण तिचं जात होतं. मी माझा संकोच सांभाळत बसले आणि तेवढे दिवस ती एकटी पडली. आम्ही दोघी त्या संध्याकाळी कॅम्पमधल्या चर्चमध्ये गेलो. तिने स्वतःच मेणबत्ती लावली, चप्पल दाराबाहेर काढून, देवळात काढतो तशी. तिचे बाबा बरे होऊन घरी यायला पुढे दीड महिना लागला. डॉक्टरांनी आणि तिच्या आईने त्यांना बरं केलं. मेणबत्तीचा चमत्कार म्हणून ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. मी ती सांगते ती माझ्या गप्प बसण्याची गोष्ट म्हणून.

चर्च काय म्हणतं

यानंतर मी जरा वाचायला लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) या विषयावर कॅथलिकांची भाषाच बदलली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं परिषदेने १९६५ साली जाहीर केलं. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरचा दस्तऐवज आला: श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करता येत नाही, आणि श्रद्धा पसरवताना लबाडी किंवा गरिबांच्या अडचणीचा फायदा घेणं हे गैर आहे. पुढे १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी लिहिलं की आजचा माणूस शिकवणाऱ्यांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो.

'साक्षीदार' हा शब्द मला फार उपयोगी पडला. वकिलाला खटला जिंकायचा असतो. साक्षीदाराचं काम तेवढं मोठं नसतं. त्याने जे पाहिलं तेवढं खरं सांगायचं. जे पाहिलं नाही ते "माहीत नाही" म्हणायचं. त्रैक्याची भीती इथेच अर्धी कमी झाली.

१९९१ साली व्हॅटिकनने 'संवाद आणि घोषणा' नावाचा एक दस्तऐवज काढला. त्यात वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांमधल्या संवादाचे चार प्रकार सांगितलेत. आपल्या कॉलेजच्या आयुष्यात ते असे दिसतात:

पहिला जगण्याचा संवाद. शेजारीपाजारी एकमेकांच्या सुखदुःखात असतात तो. आमच्या गल्लीत गणपतीला मोदक येतात, नाताळला आमच्या नेवऱ्या जातात, ताट रिकामं परत करायचं नाही हा दोन्हीकडचा नियम.

दुसरा कृतीचा संवाद. एन.एस.एस.च्या शिबिरात आम्ही मिळून गावातलं गटार साफ करतो तेव्हा कुणाची प्रार्थना कुठली हे कुणी विचारत नाही, पण प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेतून आलेला असतो.

तिसरा विचारांचा, अभ्यासकांचा. हा माझ्या आवाक्याबाहेरचा, पण मराठी विभागात संतसाहित्य शिकताना त्याची थोडी चव मिळते.

चौथा धार्मिक अनुभवाचा. प्रार्थना कशी करतोस, देव कधी जवळ वाटला, कधी दूर वाटला, हे एकमेकांना सांगणं. मैत्रिणीबरोबर चर्चच्या पायरीवर बसून मी जे बोलले ते यातलं.

तोच दस्तऐवज पुढे असंही म्हणतो की संवाद आहे म्हणून ख्रिस्ताविषयी स्पष्ट सांगणं सुटत नाही. दोन्हींची आपापली जागा आहे. हे मला पटतं. मी येशूवर विश्वास ठेवते, ती माझ्यासाठी आनंदाची गोष्ट आहे, आणि आनंदाची गोष्ट सांगावीशी वाटतेच. पण ऐकणाऱ्याला 'नको' म्हणायची मोकळीक असेल तरच ते सांगणं खरं.

मराठीत सांगायचं कसं

दुसऱ्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला. या वेळी मी राख पुसली नाही. वर्गातल्या एकाने विचारलं, आणि मी मोठ्या तयारीने सुरू केलं: "आज लेंटचा पहिला दिवस. म्हणजे पेनन्सचा सीझन. ग्रेससाठी आपण फास्टिंग, आमग्रिव्हिंग..." मला 'आम्सगिव्हिंग' म्हणायचं होतं, तेही चुकलं. तो म्हणाला, "बरं बरं." आणि मोबाईल बघायला लागला.

घरी आल्यावर लक्षात आलं की माझं सगळं धर्मशिक्षण इंग्रजीत झालंय. आजी प्रार्थना कोंकणीत म्हणते, आम्ही घरी मराठी बोलतो, पण देवाविषयी बोलायला लागले की माझी जीभ इंग्रजीकडे वळते. माझ्या श्रद्धेला मराठीत शब्दच नव्हते, मग आत्मविश्वास कुठून येणार?

योगायोगाने त्याच सुमारास अभ्यासक्रमाच्या निमित्ताने 'ख्रिस्तपुराण' हातात आलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. चाळीस वर्षं इथल्या लोकांत राहून त्याने कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं. ते १६१६ साली राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. पुराणाच्या सुरुवातीच्या भागात एक प्रसंग येतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तर गेली, आता आमच्या भाषेत आम्हाला वाचायला तसंच काही द्या. मला तो माणूस फार खरा वाटला. त्याला देव मिळाला होता, पण त्याविषयी गुणगुणायला स्वतःच्या भाषेतली ओवी नव्हती. स्टीफन्सने त्याला ओवी दिली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. मराठीची स्तुती करताना तिला दगडांमधल्या रत्नाची आणि फुलांमधल्या मोगऱ्याची उपमा दिली.

इथेही सावली आहेच. ज्या साष्टीत देवळं पाडली गेली त्याच साष्टीत हे पुराण लिहिलं गेलं. जुनी पुराणं 'गेली' ती आपोआप गेली नव्हती. म्हणून मी स्टीफन्सविषयी बोलताना दोन्ही सांगते. लोकांच्या भाषेवर त्याचं खरं प्रेम होतं, आणि ज्या सत्तेच्या छायेत तो काम करत होता तिचे हात स्वच्छ नव्हते.

मग टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट, मी कॅथलिक, पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. चर्चमध्ये परदेशी चालीऐवजी अभंग आणि भजन आणलं. ख्रिस्ती होताना मराठीपण दाराबाहेर ठेवावं लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि लक्ष्मीबाई. '१९३४ पासून प्रसिद्ध झालेलं उत्तम मराठी आत्मचरित्र' म्हणून आपण परीक्षेत 'स्मृतिचित्रे'विषयी लिहितो. मी ते या वेळी वेगळ्या कारणासाठी परत वाचलं. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं होतं. ती रडली, चिडली, काही वर्षं वेगळी राहिली. परत आली तीसुद्धा सोवळंओवळं पाळत. वादात हरून ती ख्रिस्ती झालेली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशीच सोडवला आणि १९०० साली, स्वतःच्या मनाने, बाप्तिस्मा घेतला. ती हे सगळं हसत हसत सांगते, स्वतःची फजितीसुद्धा. कुठेही 'तुम्हीही असंच करा' नाही. साक्ष म्हणजे काय असते ते मला व्हॅटिकनच्या कागदापेक्षा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात जास्त कळलं.

आपल्या काळातलं उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निवडीला काहींनी विरोध केला तरी एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या त्या व्यासपीठावर बसला. 'सुबोध बायबल' लिहिणारा हाच माणूस वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावरही उतरला होता. २०२४च्या जुलैत ते गेले, तेव्हा आमच्या घरात आजीने त्यांच्यासाठी जपमाळ केली.

मी आता काय करते

नियम म्हणून सांगत नाही, माझ्यापुरतं सांगते.

न विचारता उपदेश करत नाही. विचारलं तर टाळत नाही. रविवारी सिनेमाला बोलावलं तर "काम आहे" म्हणायची, आता "मिस्साला जाते, साडेदहानंतर येते" म्हणते. गंमत म्हणजे त्यांनी शोची वेळ बदलली.

'आम्ही' आणि 'तुम्ही' अशी वाक्यं टाळते. 'माझ्या बाबतीत असं झालं' यावर कुणी भांडत नाही. दुसऱ्याच्या देवाशी माझ्या देवाची तुलना करत नाही, आणि त्यांनी केली तर विषय बदलायचा मान मला आहे.

माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणते आणि खरंच विचारते. पावाच्या गोष्टीवाल्या मुलाला मी चार महिन्यांनी उत्तर दिलं: "पूर्वी काय झालं ते सगळं चांगलं नव्हतं. पण आज मी ख्रिस्ती आहे ती विहिरीतल्या पावामुळे नाही. रोज सकाळी उठून मी ते परत निवडते." तो म्हणाला, "हे बरं सांगितलंस." आणि चहा पाजला.

दुःखात असलेल्या माणसाला आधी विचारते, "मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. म्हटलं तर मी गप्प बसून त्याच्याजवळ थांबेन, तीही प्रार्थनाच.

शेवटचं, महत्त्वाचं. मी रोज थोडी प्रार्थना मराठीत करते, स्वतःच्या शब्दांत. देवाशी मराठीत बोलायला लागल्यावर माणसांशी देवाविषयी मराठीत बोलणं सोपं झालं. दृढीकरण संस्काराच्या वेळी पवित्र आत्म्याची सात दानं आम्ही पाठ केली होती, त्यात एक धैर्य. मला वाटायचं, ते एकदम अंगात संचारतं. माझ्या बाबतीत ते बसच्या सुट्ट्या पैशांसारखं रोज थोडं थोडं मिळतं, आणि त्या दिवसापुरतं पुरतं.

तिसरा बुधवार

या वर्षी राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता. त्याच्या तीन दिवस आधी महाशिवरात्र झाली. सकाळी बाकावर बसले तर तीच मैत्रीण, तिसरं वर्ष, तोच बाक. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "आज लागलीच काय धूळ?"

म्हणजे तिला तेव्हाही कळलं होतं.

मी हसले आणि सांगितलं. आपण मातीचे आहोत हे वर्षातून एकदा कपाळावर लिहून घ्यायचं, म्हणजे उरलेलं वर्ष फार ताठ चालायचं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमची आजी शिवरात्रीला विभूती लावताना असंच काहीतरी म्हणते. शेवटी एवढंच उरतं, म्हणते."

तेवढ्यात सर वर्गात आले. आम्ही पुस्तकं उघडली. दुपारपर्यंत घामाने राख आपोआप निघून गेली. या वेळी मी ती पुसली नव्हती.